खुडूक नव्हती, अडली होती

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी धायरीहून एका मुलाचा फोन आला. आजीची तांबडी कोंबडी दिवसभर खुराड्याच्या कोपऱ्यात बसून आहे आणि दोन दिवस अंडं नाही. सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात बहुतेक कुत्री-मांजरंच येतात. तेव्हाही टेबलावर एक कुत्रं होतं, मी घाईत होते. "खुडूक झाली असेल, अंडी उबवायला बसायची लहर आली असेल," म्हणाले आणि फोन ठेवला. ते उत्तर मला अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच रिक्षा करून आल्या. मांडीवर टोपली, वर फडकं.

"खुडूक मोडायला दोनदा गार पाण्यात बुडवली हो डॉक्टर, तरी उठंना."

टेबलावर ठेवली तर तांबडी छाती वर काढून, शेपटी खाली पाडून ताठ उभी राहिली. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत होती. मागची पिसं पांढऱ्या विष्ठेनं चिकटली होती. मी पोटाला हात लावला तरी ती हलली नाही, डोळे मिटून घेतले. खुडूक कोंबडी अशी नसते. ती पिसं फुलवते, हात जवळ नेला की टोच मारते, दिवसातून एकदा उठून दाणे टिपून पुन्हा जाऊन बसते. ही तर कळा देत होती. बोटांना मागच्या बाजूला अंडं लागलं. एक्स-रेतही ते स्वच्छ दिसलं.

"आजी, ही खुडूक नाही. अडलीये."

आजींनी तोंडावर पदर धरला. अडणं म्हणजे काय, हे त्यांना समजावायची गरज नव्हती.

आधी कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन आणि वेदनाशामक दिलं. मग टबात कोमट पाणी घेऊन वीस मिनिटं तिला त्यात बसवलं. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नंतर अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवली. दीड तास गेला, अंडं पुढे सरकलं पण बाहेर येईना. अशा वेळी पोट दाबायचा मोह होतो, पण अंडं आत फुटलं तर कवचाच्या कडा अंडनलिका फाडतात आणि पू होऊन कोंबडी जाते. तोंडाशी कवच दिसायला लागलं तेव्हा जेली लावली, सुई घालून आतला बलक-पांढरा ओढून घेतला आणि रिकामं झालेलं कवच हलक्या हातानं काढलं. पाच मिनिटांनी मागून दुसरं अंडं आलं, कवचच नसलेलं, नुसत्या पातळ पापुद्र्यातलं. अडकलेल्या अंड्यामागे ते तिष्ठत होतं.

मग आजींना खाणं विचारलं. तांदळाची कणी, भाकरीचे तुकडे, भाजीची देठं. प्रेमानं घातलेलं, पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. एका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. ते कवच चढायला वीसेक तास लागतात आणि खाण्यातून मिळालं नाही की कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. तेही संपत आलं की कवच पातळ होतं आणि अंडं ढकलायला स्नायूंतही जोर राहत नाही. त्यात उन्हाळा. उकाड्यात कोंबडी कमी खाते आणि धापा टाकते. धापांमधून कार्बन डायऑक्साइड फार निघून गेला की कवचाला लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. आजी आठवून म्हणाल्या, "होय, पंधरा दिवस अंडी हाताला मऊच लागत होती." ती पहिली खूण होती. गावरान आणि रोड आयलंड रेडच्या संकरातली ही कोंबडी. निव्वळ गावरानापेक्षा कितीतरी जास्त अंडी देणारी, पण खाणं मात्र गावरानाचंच.

लेयर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, सुरू करायला सांगितलं, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, दुपारी सावली आणि गार पाणी. औषधं चालू असेपर्यंत आणि नंतरही दोन आठवडे तिची अंडी कुणी खायची नाहीत, हेही बजावलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा त्या मुलाचा फोन आला. तांबडी पुन्हा कोपऱ्यात बसलीये. माझ्या पोटात गोळा आला. या वेळी मी एकेक विचारलं. शेपटी कशी आहे? दाणे खाते का? हात लावून बघ.

पलीकडून "आई गं!" ऐकू आलं. मागून आजी हसत म्हणाल्या, "चांगली टोच मारली की रे! बसू दे तिला."