शून्य मेल पोचल्या, असं सांगणारी मेल

घरच्या मेल सर्व्हरची नोंद, महिना तिसरा.

नव्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) डेबियन १२ हे लिनक्स कोरं टाकलं आणि पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), डव्हकॉट (ती फोनला दाखवणारा) यांच्या जुन्या कॉन्फिग फाइली उचलून आणल्या. रोज सकाळी पीएफलॉगसमचा, म्हणजे मेलच्या नोंदी मोजणाऱ्या स्क्रिप्टचा, अहवाल यायचा: आलेल्या ०, पोचलेल्या ०, अडकलेल्या ०. मी चहा पिता पिता बघायचो आणि खूश व्हायचो. असे ११ दिवस! अहवाल स्वतःच मेलनं येतोय, म्हणजे निदान एक तरी मेल पोचतेय, हे काही डोक्यात आलं नाही.

बिंग फोडलं बाबांनी. "अरे, आत्याला पाठवलेलं पत्र पाच दिवसांनी परत आलंय. झोपा काढतो का तुझा सर्व्हर?"

डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (नोंदी फाइलीत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे ज्या मेल.लॉगवरून अहवाल बनतो ती फाइलच नव्हती. अहवाल रोज चालवणाऱ्या क्रॉनच्या ओळीत एरर डेव्ह-नलकडे, म्हणजे कचऱ्यात, वळवलेली, तीही मीच. घुसखोरांना अडवणारं फेल२बॅनसुद्धा लॉगअभावी सुरू झालेलं नव्हतं. त्याचा बॅकएंड आता सिस्टमडी केलाय, म्हणजे ते फाइलीऐवजी सिस्टमच्या जर्नलमधून नोंदी वाचतं.

मग जर्नलसीटीएल, ते जर्नल वाचायची कमांड. तिथेही नुसतं 'पोस्टफिक्स' युनिट (सेवेचं नाव) मागितलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही. खरं युनिट 'पोस्टफिक्स@-'. यात माझी अर्धी रात्र गेली. ते सापडल्यावर मात्र बाबांच्या पत्राचा क्यू आयडी (रांगेतला क्रमांक) ग्रेपनं शोधला आणि सगळी हकिगत ओळीनं उभी राहिली. प्रत्येक खेपेला समोरून तेच: ४५० (तात्पुरता नकार), तुमचं होस्टनेम सापडत नाही. पीटीआर नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, बदलायची राहिली होती. बाकीचे सर्व्हर चालवून घेत होते, हा एक कडक निघाला (बरोबर त्याचंच होतं). पोस्टफिक्स ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतरानं प्रयत्न करत राहतं, पाच दिवसांनी हात टेकतं, आणि उशिराची सूचना कधी द्यायची ते ठरवणारा डीले-वॉर्निंग-टाइम मुळात शून्य (म्हणजे बंद) असल्यामुळे मधल्या काळात पाठवणाऱ्याला चकार शब्द सांगत नाही.

तो टाइम आता ४ तास केलाय. पीटीआर दुरुस्त. पीएफलॉगसमला जर्नलचा आउटपुट थेट पाइपनं जातो, आणि 'पोचलेल्या ०' दिसलं की स्क्रिप्ट विषयाच्या ओळीत 'बोंब' लिहिते. जर्नलला ५०० एमबीची मर्यादा घातली. सर्टिफिकेट नवं करणाऱ्या सर्टबॉटच्या हुकमध्ये (नंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) डव्हकॉट रीलोडही टाकला, नाहीतर नवं सर्टिफिकेट डिस्कवर पडून आणि फोनला मिळतंय जुनंच.

बाबांनी पत्र पुन्हा पाठवलं. तीन सेकंदांत 'सेंट'. आत्याचं उत्तर मात्र स्पॅममध्ये गेलं. ते पुढच्या रविवारी बघतो.