‘मॅडम, तुम्ही त्यांच्याशी बोलता तरी काय?’

पालकसभा संपते, सह्यांचा कागद गोळा होतो, वर्ग रिकामा होतो. तरी एखादी आई दाराशी घुटमळत राहते. बाकीचे गेले याची खात्री करून घेते आणि मग जवळ येते. मार्कांचं काही विचारत नाही. विचारते ते हे: “मॅडम, ती तुमच्याशी बोलते म्हणे. घरात आमच्याशी हो-नाहीच्या पुढे शब्द नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलता तरी काय?”

मी मुंबईत, मध्य रेल्वेच्या एका स्टेशनाजवळच्या कॉलेजात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. बावीस वर्षं झाली. मी समुपदेशक नाही, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न मला दर वर्षी पाच-सहा जण तरी विचारतात, आणि दारात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी बसून लिहिते आहे.

आधी एका मुलाबद्दल सांगायला हवं. बरीच वर्षं झाली त्याला. निबंध सुरेख लिहायचा. बारावीच्या दिवाळीनंतर पहिल्या तासाला दिसेनासा झाला. एकदा जिन्यात समोर आला तेव्हा मी थांबवलं. “काय रे, झोप पुरत नाही का?”

“झोप येतच नाही, मॅडम,” तो म्हणाला. “आणि सकाळी उठायचं जिवावर येतं.”

मी म्हटलं, “या वयात कसलं जिवावर येतंय? आळस झटक. परीक्षा तोंडावर आली.”

“हो मॅडम,” म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो माझ्याशी काही बोलला नाही. फेब्रुवारीत परीक्षेलाही बसला नाही. पुढे कागदपत्रं न्यायला त्याची आई आली, तेव्हा कळलं. कित्येक आठवडे तो रात्र रात्र जागा असायचा, ताटावरून तसाच उठायचा. शेवटी मामाने महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलं, औषधं सुरू झाली, आणि हळूहळू, जवळजवळ वर्षभराने, तो सावरला. पुढच्या वर्षी परीक्षा दिली. आता नोकरी करतो.

तो सावरला. मी मात्र तो जिना विसरलेले नाही. मी मराठी शिकवते. ‘जिवावर येणे’ हा वाक्प्रचार मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करायला लावते. एका मुलाने त्याचा खराखुरा उपयोग माझ्यासमोर केला, आणि मला तो ऐकू आला नाही.

तेव्हापासून मी मुलांची वाक्यं व्याकरणासकट ऐकते. राग येतो. रडू येतं. कंटाळा येतो. भीती वाटते. मन लागत नाही. काही सुचत नाही. खावंसं वाटत नाही. या वाक्यांत कर्ता कोण ते पाहा. राग, रडू, कंटाळा, भीती. मूल त्यात ‘मला’ एवढंच असतं. आपल्या भाषेने ही फार मोठी सोय करून ठेवली आहे, असं मला मनापासून वाटतं. राग येतो, म्हणजे तो बाहेरून आल्यासारखा येतो आणि आला तसा जाऊही शकतो. ज्याला आला तो माणूस आणि राग या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

आता घरातलं उत्तर ऐका. ‘कंटाळा आलाय’ या वाक्याला उत्तर मिळतं, ‘आहेसच तू आळशी.’ ‘भीती वाटते’ म्हटलं की ‘भित्री भागुबाई.’ ‘रडू येतं’ म्हटलं की ‘रडूबाई.’ पाहुण्याच्या नावाची पाटी आपण घराच्या दारावर लावून मोकळे होतो. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. मीही जिन्यात तेच केलं. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘मी असाच आहे’ ही खात्री पटायला वेळ लागत नाही, आणि एकदा ती पटली की मग मदत मागायची कशासाठी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

हल्ली पाट्या मुलं स्वतःच आणतात. ‘मॅम, मी डिप्रेस्ड आहे.’ ‘मला एन्झायटी आहे.’ ‘मी ओव्हरथिंकर आहे.’ स्टाफरूममध्ये यावर वैताग ऐकू येतो: रील्स बघून फॅड आलंय. मला ते पटत नाही. घरात ज्या गोष्टीला शब्दच नव्हता, तिला त्यांनी मोबाईलमधून एक शब्द मिळवला. तो शब्द घेऊन ती मोठ्या माणसाच्या दारात येतात, हीच केवढी गोष्ट आहे. फक्त त्या शब्दापाशी थांबून चालत नाही. मैत्रिणीशी भांडण झालेली मुलगी आणि तीन आठवडे न झोपलेली मुलगी, दोघी ‘डिप्रेस्ड’च म्हणतात. म्हणून मी एवढंच विचारते: “बरं, म्हणजे तुला काय काय होतं, ते साधं सांग.”

मग खरी वाक्यं येतात. ‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.’ ‘गाडीत गर्दीत असते तोवर बरं असतं, बिल्डिंगचा जिना आला की पाय जड होतात.’ ‘सगळे बोलत असतात आणि मला म्यूट केल्यासारखं ऐकू येतं.’ ही सांगायला मुलांना वेळ लागतो. मधे बरीच गप्प जागा असते, आणि ती आपण भरायची नसते. मला हे शिकायला काही वर्षं लागली. शिक्षकाला गप्प बसणं फार कठीण जातं.

विज्ञान शाखेची मुलं विचारतात, नुसतं बोलून काय होणार? त्यांना मी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ सालच्या प्रयोगाबद्दल सांगते. माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्द निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली. नाव दिल्याने दुःख संपत नाही, पण घंटा जरा हळू वाजते. तेवढ्यात माणूस पुढचं वाक्य बोलू शकतो.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. बोलण्याने सगळं बरं होतं असं मी कुणाला सांगत नाही. झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतली गोडी हे सगळं दोन आठवडे किंवा जास्त हरवलेलं असेल, तर ते डॉक्टरांकडे न्यायचं दुखणं आहे, आणि ते काही विरळा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के होतं, आणि महानगरांत १३.५ टक्के. माझ्या तुकडीत ८० मुलं बसतात. म्हणजे दहा-अकरा. मी हजेरी घेते तेव्हा हा आकडा माझ्या डोक्यात असतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो आई सहसा तोंडाने विचारत नाही: आमच्याशी का नाही?

ताई, याचं उत्तर मला मुलांनीच दिलंय, आणि ते तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. तुमचे यजमान बदलापूरहून पहाटेची गाडी धरतात, तुम्ही चारला उठून डबे करता, हे त्या मुलीला दिसतं. क्लासची फी किती आणि तिचा कितवा हप्ता बाकी आहे, हे बहुतेक मुलांना तोंडपाठ असतं. ‘पप्पा आधीच दमून येतात, त्यांना अजून कशाला,’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. ती तुमच्याशी बोलत नाही, कारण तिला तुमची काळजी वाटते. माझ्याशी बोलते, कारण मी तिची कुणी नाही. ऐकून माझी झोप उडेल असं तिला वाटत नाही.

आणि म्हणून घराघरांतलं एक वाक्य मला फार लागतं: ‘आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं?’ वाक्य खरं असतं. काहीच कमी केलेलं नसतं. पण ते ऐकल्यावर मुलाच्या हातात काय उरतं? आधी दुःख होतं, आता त्यावर अपराधाचं ओझं. बारावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि सव्वापर्यंत ‘किती पडले?’ म्हणून फोन सुरू होतात, तेव्हा हे वाक्य सगळ्यात जास्त बोललं जात असावं. ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘होईल सगळं नीट’ यांबद्दल मी फार लिहीत नाही. ती वाक्यं बोलणाऱ्यालाच धीर देतात.

मुंबईत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. बोलायचं कुठे? २२५ चौरस फुटांच्या घरात आजी पलंगावर, टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, भाऊ जमिनीवर पसरून अभ्यासाला बसलेला. रडायचं तर बाथरूममध्ये, तेही नळ सोडून. गच्चीला कुलूप. मुलं फोनवर मनातलं बोलतात ते जिन्यात नाहीतर बसस्टॉपवर. एका मुलीने मला सांगितलं, तिला हेल्पलाइनला फोन करायचा होता, पण एकटी होण्याची वाट बघण्यात महिना गेला.

म्हणून पालकांना मी सांगते, बोलायचं असेल तर घराबाहेर पडा. शिवाजी पार्कचा कट्टा आहे, माटुंग्याचे पाच बगीचे आहेत, काहीच नसेल तर स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा न करता चाला. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही. समोरासमोर बसवून ‘बोल, काय झालं?’ म्हटलं की मुलांना चौकशी वाटते.

आणि आता ते, जे लिहिताना मलाही अजून जड जातं. ‘मरावंसं वाटतं का?’ हे विचारायचं असतं. याच शब्दांत. पहिल्यांदा एका मुलीला विचारलं तेव्हा माझे हात गार पडले होते. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसेल, अशी भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटायची. जागतिक आरोग्य संघटना हा गैरसमज आहे असं स्पष्ट सांगते: विचारल्याने विचार पेरला जात नाही, मोकळं व्हायला वाट मिळते. त्या मुलीने ‘कधी कधी’ म्हटलं आणि मोठा श्वास सोडला. मी रागावले नाही, शपथ घातली नाही. तिला एकटं सोडलं नाही, आणि त्याच दिवशी तिच्या मावशीला बोलावून दोघींना रुग्णालयात पाठवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांतल्या किती जणांना कुणी हे एवढं विचारलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

कुठे जायचं, तेही सांगते. केईएम, सायन, नायर, जे. जे. या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, कावीळ झाली असती तर बसलो असतो तसंच. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवस-रात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून २०१२ मध्ये सुरू झालेल्या आयकॉल या समुपदेशन सेवेशी ईमेलवरही संपर्क साधता येतो. ज्या घरात आवाज काढायला जागा नाही, तिथल्या मुलांना लिहिणं सोपं जातं.

पोलीस केस होईल, या भीतीने काही घरं गप्प बसतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, उलट सिद्ध होत नाही तोवर, धरून चालायचं. तिच्यावर खटला नाही, आणि तिला मदत देणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ उरलेलंच नाही. जिथे ‘गुन्हा’ लिहिलं होतं, तिथे कायद्याने ‘ताण’ लिहिला. हा एका शब्दाचा बदल आहे, आणि तो घडायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

या जुलैच्या पालकसभेनंतर दाराशी थांबलेल्या ताईंना मी यातलं थोडंसंच सांगू शकले होते. बाहेर घेऊन जा, चाला, ‘काय काय होतं’ असं विचारा, एवढंच. तीन आठवड्यांनी त्या दादर स्टेशनच्या पुलावर भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. म्हणाल्या, “मॅडम, मला नाही जमलं विचारायला. शब्दच फुटेना. मग मीच सांगून टाकलं, की मला हल्ली रात्री झोप लागत नाही गं. तर तीच थांबली रस्त्यात. मलाच विचारायला लागली, का गं आई, काय होतं तुला? मग मीच बोलत राहिले, पार माहीमपर्यंत.”

“आणि ती?”

“ती चौथ्या दिवशी बोलली. भांडी विसळताना. नळ बंद केला आणि म्हणाली, आई, मला पण.”