आमची वाटचाल : ज्योतीसारखा हलणारा बल्ब

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या आमच्या गाळ्यात मूळ काम बंद पडलेले एलईडी बल्ब दुरुस्त करण्याचे, आणि आजही निम्मे काम तेच आहे. ज्योतीसारखा हलणारा बल्ब आम्ही प्रथम पंचवटीतल्या एका गणेशोत्सव मंडळासाठी केला. त्यांच्या देखाव्यात जुन्या वाड्याची ओसरी होती, कोनाड्यांत दिवे हवे होते आणि कापडी पडद्यांमुळे खऱ्या पणत्या लावणे शक्य नव्हते.

काम सोपे वाटले होते. बाजारातला ९ वॅटचा बल्ब उघडून, त्याचा ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारे आतले सर्किट) तसाच ठेवून, एलईडींच्या विजेच्या वाटेत बटणासारखे काम करणारा एक ट्रान्झिस्टर बसवला आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरकडून, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या चिपकडून, तो चालू-बंद करविला. बल्ब लगेचच जळाले. हा ड्रायव्हर ठरावीक प्रवाह देण्यासाठी बनवलेला असतो. वाट तोडली की त्याच्या आउटपुटचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जास्त व्होल्टपर्यंत चढतो आणि वाट जुळताच तो साठा एकदम एलईडींवर येतो, हे आम्हाला नुकसान सोसून कळले. शिवाय स्वस्त ड्रायव्हर बहुधा मेनपासून, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्यापासून, विलग नसतो, म्हणून उघडलेल्या बल्बची एलईडी प्लेट २३० व्होल्टला जोडलेलीच आहे असे समजून काम करावे लागते. हल्ली आम्ही फक्त पिनची टोपी आणि दुधी घुमट ठेवतो. आत विलग केलेला ५ व्होल्टचा सप्लाय आणि स्वतःची प्लेट बसवतो.

विजेचा प्रश्न सुटला तरी उजेड पटेना. मंडळाचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते बल्ब पाहून म्हणाले, "अहो, ही तर स्टार्टर गेलेली ट्यूब!" त्यांचे खरेच होते, कारण आम्ही उजेड मनमानी कमी-जास्त करीत होतो. मग घरच्या समईसमोर बसून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ज्योत टिपली. वारा नसताना ज्योत जवळजवळ स्थिर उभी राहते. झुळूक आली की सेकंदाला साधारण दहा वेळा थरथरते आणि पुन्हा सावरते. हलते ते टोक, बुड फारसे हलत नाही. त्यानुसार खालचे एलईडी स्थिर ठेवले, थरथर फक्त वरच्यांना दिली, आणि तीही अधूनमधून. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड तांबूस. नेहमीचा वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरा) एलईडी २७०० ते ३००० केल्विनचा असतो, ज्योत मात्र १९०० केल्विनच्या आसपास, म्हणून अंबर (पिवळट नारिंगी) रंगाचे एलईडी मिसळावे लागले. प्रवाह निम्मा केला तरी डोळ्याला उजेड निम्मा झालेला दिसत नाही, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये पायऱ्यांचा वेगळा तक्ता घातला.

"अजून जोरात हलू द्या," असे काही गिऱ्हाइके म्हणतात. ते आम्ही करीत नाही; सेकंदाला ३ ते ३० वेळा होणाऱ्या तीव्र उघडझापीने प्रकाशसंवेदी अपस्मार (लुकलुकत्या उजेडाने फिट येण्याचा आजार) असलेल्या व्यक्तीला झटका येऊ शकतो.

सर्वांत उशिरा लक्षात आली ती सावली. उजेड नुसता कमी-जास्त केला तर भिंतीवरची सावली फिकी-गडद होते, जागची हलत नाही. खऱ्या दिव्याची सावली डोलते. म्हणून वरचे एलईडी तीन गटांत विभागून प्रत्येकाला निराळी लय दिली. नवा प्रोग्रॅम भरला की आजही बल्बचा घुमट काढून समोर पळी धरतो आणि बल्बाकडे नव्हे, भिंतीकडे पाहतो.