तारांगिरेची माशी आणि रानरेड्याचं रक्त

टांझानियात सफारीला निघाला असाल तर बॅगेतले काळे-निळे कपडे आधी बाहेर काढा. अरूषाहून तारांगिरेला जाताना गाइडने हेच बजावलं होतं, आणि उद्यानात शिरताच कारण दिसलं. झाडांना ठिकठिकाणी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले होते. त्सेत्से माशी या रंगांवर धावून येते. पुढे झाडी दाट झाली आणि माश्या गाडीत शिरल्या. एक माझ्या पोटरीवर बसली. घरमाशीहून थोडी मोठी, तपकिरी, पंख मिटलेल्या कात्रीसारखे एकावर एक. पँटच्या कापडातून तिने असा डंख मारला की मी ओरडलोच.

ही माशी ट्रिपॅनोसोम नावाचे परजीवी पसरवते. त्यांच्यामुळे माणसाला निद्रारोग होतो आणि गुरांना नगाना. गुरं खंगत जातात, मरतात. आणि इथे त्याच माश्यांच्या गराड्यात रानरेड्यांचा भलामोठा कळप निवांत चरत होता, एकेक अंगाने भरलेला!

या रेड्यांच्या रक्तात झँथिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) असतं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते परजीवींना मारतं. एरवी कॅटलेज नावाचं दुसरं विकर हे पेरॉक्साइड लगेच निपटून टाकतं. पण संसर्ग झाला की रेड्याच्या रक्तातलं कॅटलेज घटतं आणि पेरॉक्साइडला वाव मिळतो. मला हे विलक्षण वाटतं.

थोड्या अंतरावर बबून माकडं शेंगा खात बसली होती. त्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या रक्तातलं एपीओएल-१ हे प्रथिन परजीवी स्वतःच गिळतो आणि ते त्याला आतून भोकं पाडतं. हे प्रथिन आपल्यातही आहे. माणसाच्या रक्तद्रवात ट्रिपॅनोसोम मरतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हरान यांनी 1902 मध्येच दाखवलं होतं. मात्र पूर्व आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीने आपल्या प्रथिनावर तोड काढली आहे. बबूनच्या प्रथिनापुढे त्याची ती तोड चालत नाही.

गाइडने विचारलं, तुमच्याकडे आहे का असलं काही? त्सेत्से नाही, पण गुराढोरांचा सर्रा आहे, तोही ट्रिपॅनोसोमचाच. मग मी त्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची हकिकत सांगितली. सर्रा माणसाला होत नाही असंच मानलं जायचं; त्याला 2004 मध्ये झाला. तपासणीत कळलं, त्याच्या रक्तात एपीओएल-१ अजिबात नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन डॉक्टरांनी त्याला बरं केलं.