दिवाळी पहाट, भुसभुशीत सफरचंदं आणि सहा ट्रे

इंदूरच्या एका मराठी मंडळाची दिवाळी पहाट होती. मैफल संपली की सकाळी आठला ६० जणांचा नाश्ता. पोहे दुसऱ्यांकडे, गोडाचं काम माझ्याकडे. मंडळाच्या काकांनी एवढंच बजावलं होतं, "तळलेलं नको हं ताई, घरोघरी फराळ चालूच आहे. आणि गोड बेतानं." म्हणून ओव्हनमध्ये मसाला लावून भाजलेली फळं, वर ओट्सचा खरपूस चुरा आणि सोबत गार चक्का, असं ठरवलं. त्या दिवसांत माळव्यात पहाटे शाल घ्यावी लागते. गरम फळ अशाच हवेत खावं.

२३ × ३३ सेंटिमीटरच्या एका ट्रेला साफ केलेल्या फोडी दीड किलो लागतात, त्यात दहा वाट्या निघतात. सहा ट्रेंना नऊ किलो. साल, गाभा, डागाळलेला भाग धरून बारा किलो फळ मागवावं लागतं. मी गोल्डन सफरचंद सांगितलं होतं, कारण ते भाजल्यावर आकार सोडत नाही. आदल्या संध्याकाळी चोइथराम मंडीतून पेट्या आल्या, तर वरचा थर तेवढा पिवळा आणि खाली सगळी लाल डिलिशियस, तीही जास्त पिकलेली. अंगठ्यानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. आतून पांढरी, रवाळ, कोरडी. आडत्यानं फोन उचलला नाही.

अशा वेळी अंदाजावर जायचं नाही. चार फोडी १८० अंशांवर १५ मिनिटं ठेवून पाहिल्या. कडा विरघळल्या, साल सुटून वर आली आणि ताटलीत पाणी साचलं. आंबटपणा असला की फळाच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेत सावकाश सुटतं. डिलिशियसमध्ये आंबटपणा कमी, त्यात पिकून पेशी आधीच सैल झालेल्या. तिला नेहमीसारखी चाळीस मिनिटं दिली असती, तर सकाळी ट्रेमधून सॉसच काढावा लागला असता.

मग घराजवळच्या हातगाडीवरून हिरवट-पिवळे, टणक पेरू आणले. प्रत्येक ट्रेला सफरचंद ९०० ग्रॅम, पेरू ६०० ग्रॅम. पेरू भाजल्यावरही ताठ राहतो. मात्र बिया दातांत येतात, म्हणून मधला गर चमच्यानं कोरून काढायचा. तो टाकायचा नाही. अर्धी वाटी पाण्यात दहा मिनिटं उकळून चाळणीतून दाबून काढला की बिया वर राहतात आणि खाली दाट, चिकट रस उतरतो. त्यात पेक्टिन भरपूर, त्यामुळे रस दाट करायला कॉर्नफ्लोर लावायची गरज उरत नाही.

सफरचंदं कोमट पाण्यात घासून धुतली (वरचं मेण जायला हवं), साल ठेवली आणि एकाच्या सहाच फोडी केल्या. साल असली की भुसभुशीत फोड निदान एका बाजूनं तरी धरून राहते. दर ट्रेमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस, १०० ग्रॅम किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ लावून फोडी पाऊण तास चाळणीत ठेवल्या. गूळ फळातलं पाणी ओढून घेतो. हे पाणी ट्रेमध्ये सुटलं तर फळ भाजलं न जाता शिजतं. ते आधीच काढून पेरूच्या रसात मिसळायचं आणि चमच्याच्या पाठीला थर धरेपर्यंत आटवायचं.

मसाला तुपात फुलवावा, कारण त्याचे सुवास पाण्यापेक्षा स्निग्धात चांगले उतरतात. दर ट्रेला ४० ग्रॅम तूप गरम करून आच बंद करायची, मग दीड चहाचा चमचा दालचिनी पूड, एक चमचा सुंठ, अर्धा चमचा वेलची पूड, पाव चमचा जायफळ पूड, आणि लगेच आटवलेल्या रसात ओतायचं. आच चालू ठेवली की दालचिनी पटकन जळून कडवट होते. लवंग एरवी मी घालते, या दिवशी गाळली. शेजारी पोह्यांवर जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) पडणार होतं, त्यात लवंग असतेच. दोन्हीकडे झाली तर जीभ बधिर होऊन फळाची चवच कळत नाही. जाड सालीची दालचिनी मोजूनच घ्यावी, पूड जास्त झाली की रस बुळबुळीत लागतो.

चुरा रात्रीच वेगळा भाजून ठेवला. ओल्या फळावर कच्चा पसरला असता तर वाफेनं लगदा झाला असता. दर ट्रेला ओट्स १५० ग्रॅम, कणीक ६०, गूळ पावडर ७०, अक्रोड-बदामाचे तुकडे ६० आणि फ्रिजमधलं गार लोणी ९० ग्रॅम. बोटांच्या टोकांनी मुगाएवढ्या गोळ्या होईपर्यंतच चोळायचं. लोणी वितळलं की त्याचा गोळा होतो आणि बिस्किटासारखा कडक भाजला जातो. १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. दोन्हीकडचा धरून एका वाटीत गूळ १७ ग्रॅमच्या आसपास झाला, म्हणजे काकांचीही अट पाळली गेली.

पहाटे ओव्हन २०० अंशांवर. आधी नुसता पेरू, थोड्या रसासह, १५ मिनिटं. मग सफरचंद आणि उरलेला रस घालून आणखी १५ मिनिटं, वर फॉइल न लावता, म्हणजे वाफ निघून जाते. शेवटची आठ मिनिटं चुरा पसरून. एका वेळी दोनच ट्रे, आणि सफरचंद घालताना वरचा खाली, खालचा वर. झालं की नाही हे घड्याळापेक्षा बुडबुड्यांवरून ओळखावं. पातळ रसाचे बुडबुडे भराभर फुटतात, दाट रसाचे मोठे होतात आणि आळसावून फुटतात. सुरी पेरूत सहज जावी, सफरचंदाच्या फोडीची कड मात्र दिसत राहावी. बाहेर काढल्यावर १५ मिनिटं ट्रे हलवू नये, रस तेव्हाच आळतो.

चक्क्यात सीताफळाचा गर मिसळला होता, दोन किलोला एक किलो. सीताफळ तापवलं की कडवट होतं, म्हणून ते गारच, वाटी हातात देताना वर घालायचं. काहींनी दूध मागितलं. गरम दूध यावर ओतलं तर लिंबानं आणि गुळानं फाटतं, म्हणून साय दिली.

एक ट्रे उरला. असा ट्रे फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. परत गरम करताना ओव्हनच वापरावा, १६० अंशांवर १२ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये चुरा मऊ पडतो.