नागपुरात दोन पोट्टे घेऊन चार दिवस (सोमवार सोडून!)

डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाला नागपूरला माहेरी गेले होते, म्हटलं आलोच आहोत तर चार दिवस थांबून मुलांना फिरवू. मुलगी ९ वर्षांची, धाकटा ५ चा. लग्नाचा शीण काढून सोमवारी सकाळी टोप्या-स्वेटर चढवून महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या गेटवर पोचलो तर बंद! दादाला फोन केला तर तो हसतच सुटला, "काऊन, सोमवारी बंद राहते ना, विसरली का तू?" विसरलेच होते, लग्न होऊन ११ वर्षं झाली. तर सगळ्यात आधी हे लिहून ठेवा: महाराजबाग, अजब बंगला (म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय), कडबी चौकातलं रेल्वे म्युझियम, गोरेवाड्याची प्राणी सफारी, सगळ्यांची सुट्टी सोमवारीच. त्या दिवशी आम्हाला वाचवलं गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्राने. तिथे बटणं दाबा, चाकं फिरवा, आरशात वेडेवाकडे दिसा, कोणी ओरडत नाही. तारांगणाच्या शोचं तिकीट मात्र आत शिरतानाच काढा. धाकटा अंधार झाल्यावर पाच मिनिटांत माझ्या मांडीवर झोपला, मोठी अजून शनीची कडी काढतेय वहीत.

मंगळवार बेस्ट गेला. सीताबर्डीहून मेट्रो पकडली ऑरेंज लाईनची, ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी. गड्डीगोदामजवळ मुलांना खिडकीशी उभं करा, तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो असा चार मजली प्रकार आहे. धाकट्याचं सुरू, "मामा, आपण विमानात आहोत का?" मग कडबी चौकाला उतरून नॅरोगेज रेल्वे म्युझियम. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, त्यामुळे इंजिनं खरीखुरी असूनही मुलांना आपल्या मापाची वाटतात. बागेत टॉय ट्रेन आहे, आमच्या दोन चकरा झाल्या, तिसरीसाठी रडारड. आईही आली होती सोबत, ती एका डब्यापाशी थबकलीच. लहानपणी ती याच छोट्या गाडीने उमरेडला मामाकडे जायची, नागपूर-नागभीड लाईन, २०१९ मध्ये बंद झाली ती. आईने गाडी कशी डुलत जायची ते करून दाखवलं आणि नातवंडं तिच्यामागे डबे होऊन बागभर फिरली. म्युझियममधल्या पाट्या कोणीच वाचल्या नाहीत, पण चालतं.

अजब बंगला १८६३ सालचा, भुसा भरलेले प्राणी आणि डायनासोरची हाडं मुलांना आवडतात, नाणी-शिलालेखांत ती लगेच कंटाळतात, तासभर पुरे. पण हिवाळी अधिवेशन सुरू असेल तर सिव्हिल लाईन्सकडे जाताना जास्तीचा वेळ धरा, मोर्चे आणि बॅरिकेड्स यांत आमचा ऑटो पाऊण तास अडकला, भाडं वर वेगळं.

गोरेवाड्याची सफारी बसमधून असते, वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं अशी वेगवेगळी कुंपणं. वाघ झोपलेला होता, शेपटी हलली तेवढीच. अस्वलाने मात्र पैसे वसूल करून दिले.

शेवटच्या दिवशी रामटेक, साधारण ५० किलोमीटर, दादाच्या गाडीने. गडमंदिराजवळपर्यंत गाडी जाते त्यामुळे आईचे गुडघेही वाचले. फक्त हातात प्रसादाची पिशवी दिसू देऊ नका, माकडं सरळ ओढून नेतात, आमचे पेढे गेलेच. उतरल्यावर खिंडसी तलावावर बोटिंग करा, ते मुलांना मंदिरापेक्षा जास्त लक्षात राहिलं (देवा माफ कर).

खाण्याचं म्हणाल तर पोहे घेताना तर्री (तिखटजाळ रस्सा) वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पोरं पाण्याच्या बाटल्या संपवतात. सावजी (इथलं झणझणीत जेवण) मोठ्यांनी खावं, मुलांना वरण-भात. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री भरपूर असतात, पिशवीभर सोबत ठेवा. आणि मे महिन्यात मुलांना घेऊन फिरायला येऊ नका बाप्पा, पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आम्ही माहेरी गेलो तरी कूलरसमोरून हलत नाही.