एअर रायफलचे पेलेट घेताना कंपनी नाही, लॉट बघितला : माझा अनुभव

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. लेक १० मीटर एअर रायफल खेळते. तिला पेलेट कुठले घ्यायचे, हे विचारलं की रेंजवर जो तो आपल्या कंपनीचं नाव सांगायचा. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, क्यूवायएस. नावं सगळी चांगलीच. पण पेलेट म्हणजे शिशाचा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून काढलेला जॉब, आणि डाय झिजते हे टूलरूमवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. डब्यावर नाव तेच, पण डाय बदलली किंवा तीच डाय बरीच चालली, की माप सरकतं. जेएसबीच्या डब्यावर तर डायचा नंबरच चिकटवलेला असतो. तो बघितला आणि ठरवलं, आता लॉट, म्हणजे एका वेळी एकत्र निघालेला माल, तपासूनच घ्यायचे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरात विचारलं गेलं. टार्गेटवर १० चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरवर, म्हणजे ०.१ गुण पाव मिलिमीटरला. पेलेट एक मिलिमीटर बाजूला गेला की ०.४ गुण गेले, आणि मॅचमध्ये शॉट ६०. पोरगी पहाटे उठून होल्ड (रायफल स्थिर धरणं) पक्का करते, तिचे गुण पेलेटने खाऊ नयेत.

आधी माप. पेलेटचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतं. मायक्रोमीटर लावून उपयोग नाही, शिसं इतकं मऊ की जबड्यातच दबतं. मी ते प्रोफाइल प्रोजेक्टरखाली (सावली मोठी करून माप दाखवणारं यंत्र) धरले. एका डब्यातली डोकी अगदी सारखी, दुसऱ्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे. काहींचा स्कर्ट (मागची पातळ कड) वाकलेला होता, ते तिथेच बाजूला काढले. वजनही करून पाहिलं, पण त्यातून निवडीला फारशी मदत झाली नाही.

खरा निकाल बॅरल देते. रायफल पकडायला मी अॅल्युमिनियमचं फिक्स्चर केलं. पकड रिसीव्हरवर (बॅरल जिथे बसते तो भाग) घेतली, बॅरल मोकळी ठेवली, कारण बॅरल आवळली तर तिचं वागणं बदलतं. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब प्रत्येक वेळी सारखा. लॉट बदलला की पहिले काही शॉट हिशेबात धरायचे नाहीत, बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो. मग दहा-दहा शॉटचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचे पुंजके. पाचच्या ग्रुपवर मी विश्वास ठेवत नाही, पाच शॉट योगायोगानेही एका भोकात जातात. रेंजवरच्या मुलांनी आपापल्या डब्यातले थोडे थोडे पेलेट दिले, त्यामुळे प्रत्येक लॉटसाठी अख्खा डबा घ्यावा लागला नाही. ही मदत फार मोठी होती.

ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचा आणि त्यातून पेलेटच्या व्यासाचे ४.५ वजा करायचे. एक महागडा लॉट ८ मिलिमीटरच्या आसपास पसरला. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, ४.४९ चा दुसरा लॉट ६ च्या आत बसला. मुलीने कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे तर एकच भोक आहे!" त्याच लॉटवर तिच्या कोच सरांच्या रायफलचा ग्रुप मात्र मोठा आला. म्हणून दुसऱ्याचा लॉट नंबर ऐकून खरेदी करू नका.

.२२ बोअरची काडतुसाची रायफल खेळणाऱ्यांनाही हेच करावं लागतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तिथलं रिमफायर (कडेवर पिन आदळून पेटणारं) काडतूस पुन्हा भरून वापरायचं नसतंच. डाय, पावडर आपल्या हातात नाही, हातात फक्त लॉटची निवड.

विक्रेत्याला लॉट नंबरचा फोटो पाठवून त्याच लॉटचे सीझनभर पुरतील एवढे डबे मागवले. पार्सल उघडून आधी नंबर जुळवले, मग डबे चेपलेत का ते पाहिलं. ते मॅच आणि मॅचच्या आधीच्या सरावासाठी. उरलेले इतर लॉट होल्ड आणि ट्रिगरच्या सरावात संपवतो. आणि पेलेट हाताळल्यावर, जेवणाचा डबा उघडायच्या आधी, साबणाने हात धुवायचेच. शिसं आहे ते.